समोरचा ब्रेक

१८ ऑक्टोबर, शनिवार

तेरवी होऊन गेली. पाहुणे गेले. भांडी जागच्या जागी लागली. माझ्या लेकीच्या, अपेक्षाच्या, जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीत मागची पानं कोरी होती. रद्दीत घालवत नाही म्हणून घेऊन बसले. काय लिहायचं ते ठरवलेलं नाही.

शाळा माझी सातवीपर्यंत. पुढचं वाचन फुलांच्या पुड्या बांधायला रद्दी यायची, तिच्यातून झालं. त्यामुळे लिहिते पेपरसारखं आणि बोलते आमचं वऱ्हाडी. हे म्हणायचे, "कागदावर तू अमरावतीची मॅडम, अन घरात सत्यी."

पेपरमध्ये यांच्याबद्दल चार ओळी आल्या. दसऱ्याच्या आदल्या पहाटे झेंडूचं पोतं घेऊन अमरावतीच्या बाजाराला निघालेले सहदेव, चांदूर रेल्वे रस्त्यावरच्या उतारावर सायकलचा ब्रेक निकामी झाल्याने, वळणावर उभ्या ट्रॉलीवर आदळून जागीच. ओळी सरळ होत्या. वय तेवढं एक वर्षाने चुकलं.

आज सायंकाळी फाट्यावरचा मोतीराम सायकलवाला यांची काळी सायकल ढकलत घेऊन आला. पुढचं चाक नवं बसवलं होतं. अंगणात स्टँडवर लावून तो म्हणाला, "वयनी, पेपरवाले काईबी लिवतात. ब्रेक एकदम ओके हाय. पोळ्याले मीच नवे रबर टाकले होते. हे पाय." त्याने लिव्हर दाबला. मागचं चाक जाम झालं. मग मी दाबला. जाम झालं.

"मंग थांबली काहून नायी?" मी विचारलं.

मोतीराम हात पुसत राहिला. "आता काय सांगू. उतार हाय तो."

त्याने मागचाच ब्रेक दाखवला, कारण आमच्या घरातल्या सायकलींना समोरचा ब्रेक नसतो. समोरचा दाबला की माणूस हँडलवरून डोक्यावर पडतो, म्हणून हे नवी सायकल आणली की पहिल्याच दिवशी समोरचा काढून टाकायचे. अपेक्षाची लेडीज सायकल घेतली तेव्हा दुकानदार हसला होता. हे म्हणाले, हास बाप्पा, तुही पोट्टी नायी जात तिच्यावर.

२० ऑक्टोबर

दिवाळी आमच्या घरी नाही, पण झेंडूला ते कळत नाही. सकाळपासून तोडणी. शेजारच्या टेम्पोत पोती गेली. दिवाळी झाली की टेम्पो येणार नाही. मग रोजचं एक छोटं पोतं राहतं, ते सायकलवरच जातं.

अपेक्षा कॉलेजला जात नाही आहे. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. तिच्या सायकलला मी साखळी घालून कुलूप लावलं आहे. किल्ली माझ्या पोलक्यात.

"आई, चाबी दे."

"नायी."

"बस साडेदहाले येते. प्रॅक्टिकल आठले असते. नोव्हेंबरच्या तेरा तारखेपासून सुरू होऊन राहिले. हजेरी नसली तं वर्ष जाईन माह्यं."

"जाऊ दे."

"मले काय होते वं?"

"तुह्या बाबालेही काय होत नव्हतं."

असं बोलायला नको होतं असं वाटायला हवं होतं, पण काही वाटलं नाही. आजकाल कुठलीही गोष्ट हातात हातमोजा घालून धरल्यासारखी वाटते. थोड्या वेळाने मीच म्हटलं, की पक्का ब्रेक मिळाला तर देईन किल्ली.

"पक्का मंजे कोनता?"

मला माहीत नव्हतं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ओवाळणं नव्हतं. तरी मनोज येऊन मला अकोल्याला घेऊन आला. माझा धाकटा भाऊ, जठारपेठेत राहतो. वहिनीने चहा दिला, माझ्यासमोर बसली, आणि काय बोलावं ते न कळून टीव्हीचा आवाज कमी केला.

जिन्याखाली सायकल होती. मनोजची मुलगी वर्षाली बारावीला आहे, तिची. चाकाच्या मधोमध ताटलीसारखी पातळ चकती. वर्षाली म्हणाली, डिस्क ब्रेक आहे आत्या.

"हा कुठं धरते?"

"चकतीले धरते. चाकाच्या कडेले नायी. चाक चिखलात जाऊ द्या, पावसात जाऊ द्या, याले फरक पडत नायी."

आमच्या यांच्या सायकलला रॉड ब्रेक. लोखंडी दांडे वर ओढले जातात आणि रबर चाकाच्या रिंगेला खालून घासतं. अपेक्षाच्या सायकलला वायर ब्रेक, तो रिंगेला दोन्ही बाजूंनी चिमटा काढतो. मी हे सगळं आजवर पाहत होते, पण असं शेजारी शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, उद्या मले चालवू देजो.

मनोज म्हणाला, "ताई, तू?" मग वहिनीने त्याला डोळ्याने गप्प केलं. विधवा बाई काही मागते आहे तर मागू दे, असं ते होतं.

२४ ऑक्टोबर

घरामागे मोकळा प्लॉट आहे. सायकल मी लग्नाआधी चालवायची. पाय विसरले नव्हते. कंबर विसरली होती.

"दोन बोटांनी दाबजा, आत्या. दोनच."

मुठीची सवय. मुठीनेच दाबलं. सायकल जागच्या जागी उभी आणि मी सीट सोडून पोटाने हँडलवर. वर्षाली पोट धरून हसली. "आत्या, हे काय आमच्या मामाजीची काळी घोडी हाय काय, तोंडात लगाम ओढाले!"

मामाजी म्हणजे हे. म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. तिचं तोंड उतरलं. मी म्हटलं, हास, हास. काळी घोडीच होती ती. दाबलं की आधी दांडे कुरकुरतात, मग विचार करतात, मग धरतात.

दोन लिव्हर दोन हातांना. उजवा समोरच्या चाकाचा, डावा मागच्याचा. मी वर्षालीला म्हटलं, एकेक वेगळा करून पाहू. मातीत काडीने रेघ ओढली. रेघेवर आलं की ब्रेक दाबायचा, थांबले तिथे तिने चप्पल ठेवायची.

मागचा एकटा दाबला. चाक जाम होऊन घसरत गेलं. चप्पल फाटकाजवळ.

समोरचा एकटा दाबायची हिंमत होईना. दोनदा रेघ ओलांडून तशीच गेले. तिसऱ्यांदा बूड मागे सरकवून, हात ताठ धरून हळूहळू दाबला. पडले नाही. चप्पल फाटकाच्या निम्म्याही अलीकडे.

दोन्ही दाबले तर आणखी थोडी अलीकडे.

एकाच सायकलचे दोन ब्रेक, दोन्ही डिस्क, दोन्ही सारखे. तरी मागचा लांब जातो आणि समोरचा जवळ थांबवतो. परत परत केलं. वर्षालीला कंटाळा आला तरी केलं. तसंच होत होतं.

मनोज म्हणाला, "घेऊन जाय अशीच एक अपेक्षाले, मी घेऊन देतो."

"हिले कॅरियर कुठं हाय?"

वर्षाली म्हणाली, "स्पोर्ट हाय ते आत्या, कॅरियर लावलं तं पोरी हासतीन."

"मंग फुलं काय डोक्यावर न्यायची?"

२५ ऑक्टोबर

परतीला बडनेऱ्याहून बसमध्ये उभी होते. म्हैस आडवी आली, ड्रायव्हरने ब्रेक मारला. उभे होतो ते सगळे पुढे. एक म्हातारा माझ्या पाठीवर, मी समोरच्या बाईच्या पाठीवर. मागच्या सीटजवळ कोणी उरलं नाही.

असंच असणार. ब्रेक लागला की सगळा भार पुढे जातो. भार पुढच्या चाकावर बसला की ते जमिनीला धरतं. मागचं चाक हलकं होतं, ते नुसतं घसरतं. अपेक्षाला विचारलं तर ती म्हणाली, बरोबर आहे, फिजिक्समध्ये असंच आहे. मग माझ्याकडे बघत राहिली.

"आई, तू सायकल चालवली?"

"आजीले सांगू नको."

३० ऑक्टोबर

शाळेला दिवाळीच्या सुट्ट्या. मैदान रिकामं. अंगणवाडीच्या इंदूबाईची सायकल मागून आणली. ती वायर ब्रेकची आहे, समोरचा आणि मागचा, दोन्ही जागेवर. यांची काळी आणि अपेक्षाची, अशा तीन. इंदूबाई म्हणाली, "सत्यवतीबाई, सर्कस काढून राहिल्या काय?" मी म्हटलं, तिकीट लावीन तर तुमाले फुकट.

या वेळी चपलेऐवजी झेंडूची फुलं ठेवली. अपेक्षा ठेवत होती.

काळीचा रॉड ब्रेक मुठीत दगड धरल्यासारखा. जोर सगळा लावावा लागतो, आणि किती धरलं ते हाताला कळत नाही. एकदम धरतो नाहीतर धरतच नाही. अपेक्षाचा वायर ब्रेक नरम. पहिला अर्धा दाब वायर ताणण्यातच जातो, पुढे थोडं थोडं धरतो, हाताला कळतं किती धरलं ते. डिस्कची गोष्ट वेगळी, ती बोटाच्या मनातलं ऐकते.

पण फुलं पाहिली तर काळी आणि अपेक्षाची जवळजवळ एकाच जागी. दोघींना मागचाच ब्रेक. इंदूबाईची सायकल सगळ्यात जुनी, रबरं झिजलेली. तिचे दोन्ही दाबले तर फूल कितीतरी अलीकडे.

अपेक्षा फुलं उचलत म्हणाली, "आई, ब्रेक कोनता हाय हे नायीच. कोनत्या चाकाले हाय हे हाय."

मी हो म्हटलं.

२ नोव्हेंबर, रविवार

मोतीरामाकडे गेले. म्हटलं, पोरीच्या सायकलला समोरचा ब्रेक बसवून दे.

त्याने पाना खाली ठेवला. "नायी वयनी. ते सांगू नका."

"काहून? तुलेही वाटते काय, पडते म्हनून?"

"पडतेच ना. पर ते नायी. म्हातारीची आन हाय."

म्हातारी म्हणजे माझ्या सासूबाई, पार्वताबाई. मला हे ठाऊक नव्हतं. मोतीराम आणि हे वर्गात बरोबर होते, त्याला सगळं माहीत. माझा धाकटा दीर जीवन, जो आता अचलपूरला असतो, तो लहानपणी याच उतारावर समोरचा ब्रेक दाबून हँडलवरून गेला. समोरचे दात गेले, जबडा फुटला. त्याचे दात खोटे आहेत हे मला माहीत होतं, कसे गेले ते कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी त्या दिवशी स्वतः पकड घेऊन सायकलचा समोरचा ब्रेक उपटला आणि यांच्या डोक्यावर हात ठेवून आन घातली, या घरातल्या एकाही सायकलला समोरचा ब्रेक राहणार नाही, ठेवशील तर माझं मेलेलं तोंड पाहशील.

"सहदेवनं पाळली मंग. लगन झालं, पोरगी झाली, तरी पाळली," मोतीराम म्हणाला. "मी बसवला तं म्हातारी इथं टपरीवर येऊन बसन. माह्या गिऱ्हाइकाले शिव्या देईन."

"ज्यायले आन घातली ते तर गेले."

"आन घरावर असते वयनी. सुटली म्हनेपर्यंत असते."

आमच्याकडे असं आहे. ज्याने आन घातली त्यानेच 'सुटली' म्हणावं लागतं. लहान पोरंही एकमेकांच्या मागे लागतात, सुटली म्हण, सुटली म्हण. तोवर ती बांधलेली.

३ नोव्हेंबर

तोडणी. पाठ दुखली. लिहिण्यासारखं काही नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ओझ्याशिवाय पाहून उपयोग नाही असं माझ्या मनात आलं. सायकल उतारावर मोकळी कधी जाते? पहाटे पोतं भरलं. कॅरियरवर आडवं टाकलं की दोन्ही बाजूंनी खाली लोंबतं, तसंच रोज बांधतो. वरून दोन तांबे पाणी मारलं. पाणी नाही मारलं तर बाजारात पोचेपर्यंत झेंडू मान टाकतो. यांच्या पोत्यावर मीच मारायची. दसऱ्याचं पोतं मोठं होतं म्हणून त्या दिवशी कळशी ओतली होती.

मैदानाचा वरचा कोपरा उताराचा आहे. तिथून सोडली. आधी यांची काळी. रेघेवर मूठ आवळली. दांडे वर आले, रबर लागल्याचा आवाज आला, आणि सायकल तशीच चालली. म्हणजे ब्रेक लागलेलाच होता. हाताला लागलेला कळत होता. फक्त सायकलला कळत नव्हतं. मैदानातलं लिंबाचं झाड मागे पडलं. शेवटी कुंपणाच्या मेंदीत घुसले तेव्हा थांबली. हात खरचटले. भीती वाटली का ते आठवून पाहिलं. वाटली नाही. असं असेल तर यांनाही वाटली नसेल, एवढं मनात आलं.

अपेक्षा धावत आली. मला उठवलं. मग वाकून तिने मागच्या रिंगेवरून बोट फिरवलं. बोट ओलं. ओढणीने रिंग पुसली. मग पुढच्या रिंगेवरून फिरवलं, ते कोरडं. उठून पोत्याकडे पाहत राहिली, बराच वेळ.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नायी."

गवतावर दव असावं. थंडी सुरू झाली आहे.

तेच पोतं इंदूबाईच्या सायकलवर बांधलं. रेघेवर दोन्ही दाबले. समोरच्याने धरलं. गाडी हळू होत होत रेघेपासून जवळच थांबली. मी पुढे पडले नाही. एवढं ओझं मागे असताना पुढे पडणार तरी कशी?

समोरचा ब्रेक असता तर, एवढं वाक्य दिवसभर डोक्यात आहे. त्याच्या पुढचं लिहीत नाही.

७ नोव्हेंबर

सासूबाईंना सांगितलं. त्या ओट्यावर तूर निवडत होत्या. म्हटलं, अपेक्षा तेरा तारखेपासून कॉलेजला जाईल, फुलंही नेईल, तिच्या सायकलला समोरचा ब्रेक बसवायचा आहे. तुम्ही आन सोडा.

"नायी."

"तो ब्रेक चांगला असते. मी पाह्यलं."

"तू काय पाह्यलं? मी माह्या लेकराचं तोंड फुटलेलं पाह्यलं. दात हातात घेऊन दवाखान्यात गेलो होतो मी." मग म्हणाल्या, "सहदेवनं जे काढलं ते तू लावतं काय? तो मेला अन तू त्याले चूक ठरवून राहिली?"

मलाही तेच वाटत होतं. ब्रेक बसवणं म्हणजे यांना तोंडावर सांगणं, की तुमचं चुकलं. समोर नसलेल्या माणसाला असं सांगायचं कसं. ते काही म्हणणार नाहीत. कधीच उलटून बोलले नाहीत.

९ नोव्हेंबर

सासूबाई दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. भाकरीचा चतकोर मोडतात आणि हातात धरून बसतात. पोट बिघडलं असेल म्हणून ओवा-मीठ दिलं. रात्री मऊ भात केला. तोही ठेवला.

इंदूबाई येऊन त्यांच्याशी बोलत बसली होती. गेल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि मी गेल्यावर म्हणाल्या, काई नायी, जाय.

१० नोव्हेंबर

आज पहाटे सासूबाई यांच्या काळ्या सायकलजवळ उभ्या होत्या. त्यांना मोतीबिंदू आहे, नीट दिसत नाही. हाताने हँडल चाचपत होत्या. डावा लिव्हर सापडला. मग उजव्या बाजूला हात नेला, जिथे काही नाही, आणि तिथेच ठेवला. मी शेणाची पाटी घेऊन गोठ्यामागून निघून गेले. त्या का जेवत नाहीत ते मला तेव्हा कळलं. ओवा-मीठ देत होते मी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी तिघी हार ओवत बसलो होतो. सासूबाईंना दिसत नाही तरी ओवणं त्यांचंच सरळ येतं. सुई फुलाच्या देठातून बरोबर जाते. मान खाली ठेवूनच म्हणाल्या,

"इंदूबाई सांगे, तुमी शाळेच्या मैदानात सायकलीवर पोतं बांधून पाहून राहिल्या होत्या म्हने."

"हो."

"सहदेवची काळी होती?"

"तेही होती."

एक फूल ओवलं. दुसरं घेतलं. ते हातात राहिलं.

"समोरचा असता तं थांबली असती काय?"

अपेक्षाची कात्री थांबली. मी तिच्याकडे पाहिलं नाही. सुईकडे पाहिलं.

"नसती थांबली," मी म्हटलं. "पोतं लय जड होतं. उतार तो. त्या ओझ्याले कोनताच ब्रेक पुरला नसता."

"खरं सांगतं?"

"खरं."

"पोरी," त्या अपेक्षाकडे वळल्या, "तू होती ना तिथं. तुही माय खरं बोलते काय?"

अपेक्षाने कात्री खाली ठेवली. "हो आजी. फुलं मीच ठेवून राहिली होती. समोरचा काय अन मागचा काय, पोतं असलं की सारखंच."

"मंग आता लावाले काहून पायजे?"

याचा विचार मी केला नव्हता. अपेक्षा म्हणाली, "माह्यं पोतं लहान असते आजी. लहान्याले पुरते."

सासूबाईंनी हातातलं फूल ओवलं. हार पुरा केला. गाठ मारली, दाताने दोरा तोडला. मग कुणाकडेही न पाहता, हार परडीत ठेवता ठेवता म्हणाल्या,

"सुटली."

इतक्या हळू, की दुसऱ्या कुणी असतं तर परत म्हणायला लावलं असतं. मी लावलं नाही.

संध्याकाळी त्यांनी भाकरी मागितली. आंबट बेसन झालं म्हणून शिव्याही घातल्या.

मी खोटं बोलले, अपेक्षाही बोलली. मला वाटतं सासूबाईंनाही ते माहीत आहे. तिघींना माहीत आहे आणि तिघींनी जेवण केलं.

१२ नोव्हेंबर

मोतीरामाला घरी बोलावून सांगितलं. "म्हातारीनं सोडली? तोंडानं म्हनली?" त्याचा विश्वास बसेना. शेवटी सासूबाईच ओट्यावरून ओरडल्या, "अरे मोत्या, बसवतं का मीच पकड घेऊन येऊ?" त्याने घाईने पेटी उघडली.

वायर ओढून, रबर रिंगेच्या दोन्ही बाजूंनी सारखं लागेल असं बसवलं. मला लिव्हर दाबायला लावलं. मी दोनदा सैल करायला सांगितलं, एकदा घट्ट. पहिल्या दाबातच धरायला नको, आणि शेवटपर्यंत मूठही मिटायला नको. मध्ये कुठेतरी धरायला हवं. मोतीराम म्हणाला, "वयनी, तुमी टपरी टाका माह्या बाजूले." मी म्हटलं, टाकली तं तुह्यं कसं होईन?

अपेक्षाने अंगणात चार फेऱ्या मारल्या. मी किल्ली दिली. तिने घेतली.

झोपायच्या आधी ती म्हणाली, "आई, उद्यापासून पोत्यावर पानी नको मारू. कोरडंच बांधजो. बाजारात पोचलो की मीच मारीन नळाचं."

"झेंडू मान टाकते."

"टाकू दे. माह्या वह्या ओल्या होतात."

बरं म्हटलं. वह्या ती पाठीवरच्या पिशवीत नेते, पोतं मागे असतं. तरी होत असतील ओल्या. विचारणार होते, तेवढ्यात ती माझ्या जवळ येऊन, लहानपणी झोपायची तशी, माझ्या दंडाला डोकं लावून झोपली. मग विचारलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

उजाडल्यावर निघाली. पोतं कोरडं बांधलं. मी उताराच्या तोंडापर्यंत चालत गेले. सासूबाई माझ्या मागे कधी आल्या कळलं नाही, काठी टेकत.

अपेक्षाने एकदा मागे पाहिलं आणि सोडली. दोन्ही हात लिव्हरवर होते, ते दिसत होतं. थोडं दाबायची, सोडायची, परत दाबायची. ब्रेकचा बारीक आवाज वरपर्यंत येत होता. मला तो मोजायचा नव्हता, पण कान तिथेच होते.

ट्रॉली उभी होती त्या वळणाच्या अलीकडे ती थांबली. पुरती थांबली. पाय टेकून उभी राहिली. वळणाकडे पाहत होती की नुसती दम घेत होती, इथून कळलं नाही. मग पायडल मारलं आणि वळणाआड गेली.

"गेली काय?" सासूबाईंनी विचारलं.

"गेली."

"मधात थांबली होती?"

"हो. वळनाच्या अलीकडे थांबली."

"आपल्या मनानं?"

"आपल्या मनानं."

सासूबाई तिथेच रस्त्याच्या कडेला बसल्या. मला वाटलं चक्कर आली. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि खांदे हलत होते. दसऱ्यापासून त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. मी शेजारी बसले. मला रडू आलं नाही. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो गरम आहे एवढं कळत होतं. ऊन वर येईपर्यंत आम्ही तशाच बसलो. मग वांग्याला पाणी सोडायचं होतं म्हणून उठलो.